उजळ आणि उजेड

'उजळ' हा मराठीतला मोठा लबाड शब्द आहे. समईची वात पुढे सारली की देवघर उजळते, कोंबडा आरवला की पूर्व उजळते, आणि मुलगी पाहायला आलेली मंडळी चहापोहे घेऊन परत गेली की चार दिवसांनी मध्यस्थ सांगत येतात, "त्यांना जरा उजळ हवी होती." पहिल्या दोन ठिकाणी गोष्ट उजेडाची आहे, तिसऱ्या ठिकाणी कातडीच्या रंगाची. भाषेने हे दोन्ही अर्थ एकाच गाठोड्यात बांधून टाकले, आणि छायाचित्रणाची कला घरोघर शिरली तेव्हा आपण नेमके हेच गाठोडे तिच्या डोक्यावर दिले. गिऱ्हाईक म्हणते, "फोटो उजळ येऊ दे," आणि फोटोग्राफर बिचारा दिवे वाढवतो. आपल्या भिंतींवर, लग्नाच्या अल्बमांत आणि आता हातातल्या मोबाईलमध्ये चेहऱ्यांची एवढी गर्दी असून तिच्यात माणसे इतकी कमी का भेटतात, याचे उत्तर यंत्रात शोधण्यापेक्षा या एका शब्दात शोधावे, असे माझे म्हणणे आहे.

मी फोटोग्राफर नव्हे. कुडाळच्या परिसरात मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा उद्योग. पण कादंबरीकाराला उजेडाशी फार जवळचा व्यवहार करावा लागतो. 'तिन्हीसांज झाली होती' असे तीन शब्द लिहिले की आमचे काम भागते. बाकीची सांज वाचक आपल्या पदरची घालतो. फोटोग्राफरला ही सवलत नाही. त्याला सांज खरोखरच आणावी लागते, नाही तर तिची वाट पाहत बसावे लागते. या मंडळींविषयी मला म्हणूनच थोडा आदर आणि बराचसा हेवा वाटत आला आहे.

उजेड किती आहे, हा प्रश्न वस्तुतः दुय्यम. तो कुठून येतो आणि केवढ्या जागेतून येतो, हे आधी पाहावे. वैशाखातल्या भर दुपारी खळ्यात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहा. ऊन डोक्यावरून पडते. कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकतो, डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या दिसतात. स्वभावाने लोण्यासारखा मऊ माणूसही त्या घटकेला कर्जवसुलीला आल्यासारखा दिसतो. महिन्याभराने मृगाचे ढग आभाळभर पसरले, की त्याच खळ्यात त्याच माणसाचे डोळे दिसू लागतात, गालाची गोलाई कळते, आणि हा गृहस्थ दोन घास जेवूनच जा म्हणणाऱ्यांपैकी आहे हे ध्यानात येते. सूर्य तोच. पण तो पृथ्वीपेक्षा कितीही मोठा असला तरी आपल्या खळ्यातून पाहता आभाळातला एक ठिपका असतो, आणि ठिपक्यातून येणारा उजेड सावलीची कड कोयत्याने तोडल्यासारखी तोडतो. ढग आले म्हणजे सगळे आभाळच दिवा होते, आणि एवढ्या मोठ्या दिव्याचा उजेड चारी अंगांनी सावलीत झिरपतो. कठोर प्रकाश आणि मृदू प्रकाश असे जे दोन भेद छायाचित्रणाच्या पुस्तकांत सांगतात, त्यांचे मर्म एवढेच आहे. कोकणातल्या माणसाला ते पुस्तकातून शिकावे लागू नये.

दिशेचा प्रश्न जरा नाजूक. तालुक्याच्या गावांतल्या जुन्या स्टुडिओंची आठवण अनेकांना असेल. मागे तळे आणि कमानी रंगवलेला पडदा, पुढे लाकडी स्टूल, आणि स्टुलाच्या डाव्या-उजव्या हाताला सारख्याच ताकदीचे, सारख्याच उंचीवरचे दोन दिवे. डावा दिवा जी सावली पाडतो ती उजवा पुसून टाकतो, आणि उजव्याची डावा. नाक चपटे होते, हनुवटी गळ्यात मिसळते, चेहरा पुरीसारखा सपाट होतो. अर्जावर चिकटवायला हा फोटो उत्तम. ओळख पटण्यापलीकडे त्याच्याकडून कोणाची अपेक्षाच नसते. पण यातला एक दिवा मालवून दुसरा थोडा वर आणि बाजूला सरकवला, तर एक चमत्कार घडतो. नाकाची सावली पलीकडच्या गालावरच्या सावलीला जाऊन मिळते, आणि त्या अंधाऱ्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक लहानसा त्रिकोण शिल्लक राहतो. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या व्यक्तिचित्रांत हा त्रिकोण वारंवार भेटतो, म्हणून जगभरचे फोटोग्राफर या रचनेला त्याचेच नाव देतात. अर्धा चेहरा आपल्याला सांगितलेला असतो, अर्धा राखून ठेवलेला असतो. पाहणारा त्या राखून ठेवलेल्या अर्ध्यात शिरू पाहतो आणि चित्रापुढे दोन क्षण अधिक थांबतो. चांगल्या कादंबरीतली पात्रेही याहून निराळे काही करीत नाहीत.

या नावामागची एक हकीकत मोठी मौजेची आहे. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत सेसिल बी. डिमिल या दिग्दर्शकाने एका चित्रपटात नटांच्या चेहऱ्यांची एकच बाजू उजळली आणि दुसरी अंधारात ठेवली. धंदा पाहणारे सॅम्युएल गोल्डविन घाबरले. त्यांचा हिशोब सरळ होता: नट अर्धाच दिसत असेल तर थिएटरवाले पैसेही अर्धेच देतील. डिमिलने उलट कळवले, की हा रेम्ब्रांटचा प्रकाश आहे. आणि मग त्या थोर नावाच्या जोरावर भाव उतरायच्या ऐवजी चढला. ही गोष्ट डिमिलनेच पुढे सांगून ठेवली आहे, तेव्हा तिच्यात थोडे मीठमसाला असणारच. पण गोल्डविनसाहेबांची भीती आपल्याकडच्या प्रत्येक फोटोग्राफरने भोगलेली आहे. असा फोटो हातात पडल्यावर एका शेतकरी गृहस्थाने काढलेला उद्गार माझ्या कानांवर आहे: "ह्यां काय रे? अर्दा तोंड काळा इला!" त्या फोटोग्राफरच्या मदतीला रेम्ब्रांट धावून येण्याचा संभव नव्हता. त्याने मुकाट्याने दुसरा दिवा लावला.

त्या गृहस्थाची तक्रार मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिला इतिहास आहे, आणि तो यंत्रापासूनच सुरू होतो. छायाचित्रणाच्या आरंभीच्या काचा निळ्या उजेडाला चटकन दाद देत आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असत. पुढे हिरवा रंग त्यांना दिसू लागला, पण तांबडा दिसायला विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडावे लागले. तेव्हा कुठे सर्व रंग जाणणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरात आली. याचा परिणाम काय झाला असेल? आपल्या गहूवर्णी, सावळ्या, काळ्या कातडीतून जो उजेड परत फिरतो त्यात तांबड्याचा अंश मोठा. काचेला तोच दिसत नसे. म्हणजे आपली पणजी आरशात दिसे त्याहून फोटोत काळी येई. तिचे लालबुंद कुंकू कोळशाच्या ठिपक्यासारखे उमटे. जुन्या फोटोंतल्या बायकांच्या कपाळावरचे ते काळे वर्तुळ पाहून पुष्कळांना वाटते की त्या काळी काळे कुंकू लावीत. तसे नव्हे, ते काचेचे आंधळेपण आहे. डार्करूममध्ये लाल दिवा चाले तो याच कारणाने.

आता गिऱ्हाईक जर आपण आहोत त्याहून काळे आलो म्हणून रुसले, तर दोष कोणाला द्यावा? फोटोग्राफरांनी उपाय शोधले. चेहऱ्याला पावडर थापली. दिवे वाढवले. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम करणारे कसबी लोक तयार झाले. निगेटिव्हवर जिथे काळे चढवावे तिथे कागदावर पांढरे उमटते, या उलट्या न्यायाने त्यांनी सुरकुत्या, देवीचे वण आणि वर्ण या तिन्हींना एकाच पेन्सिलीने वाट लावून दिली. यंत्राची खोड दुरुस्त करण्यापुरते हे ठीक होते. परंतु यंत्र सुधारले, फिल्मला तांबडा दिसू लागला, तरी पेन्सिल खाली ठेवली गेली नाही. रंगीत फिल्म आली तेव्हा तर कोडॅक कंपनीने प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जो नमुना दिला त्यावर एका गोऱ्या बाईचाच चेहरा होता. 'शर्ली' या नावाने तो ओळखला जाई. तिचा गाल बरोबर आला की जगाचे गाल बरोबर आले, असा तो हिशोब. चॉकलेटच्या आणि लाकडी सामानाच्या जाहिराती करणाऱ्यांनी तपकिरी छटा नीट येत नाहीत म्हणून कुरकुर केली, आणि फिल्म सुधारायला त्याने हातभार लागला, हे कंपनीत काम केलेल्यांनीच नंतर सांगितले. खुर्च्यांची दाद लागली ती अशी.

माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी. अभ्यासात बरी, बोलण्यात तिखट, वर्णाने चांगली सावळी. तिच्या लग्नासाठी घरच्यांनी तिचा फोटो काढून आणला. तो मी पाहिला आहे. समोरून पांढरा झगझगीत उजेड. त्यावर संगणकाने केलेली सफाई. नाक केवळ दोन नाकपुड्यांवरून ओळखायचे. फोटो पसंत पडला, पाहुणे आले, आणि जाताना दारातच त्यांच्यातल्या एका बाईने ऐकू येईल अशा बेताने सांगितले, की फोटोत उजळ दिसत होती. मुलगी नंतर मला म्हणाली, "सर, त्या फोटोतला चेडू कोणाचा, तां त्यांकाच इचारा." मी हसलो, पण त्या वाक्याने माझी पुढची रात्र खाल्ली. तिला नाकारणाऱ्यांनी तिला पाहून नाकारले. पसंत मात्र त्यांनी दुसऱ्याच कोणाला केले होते, आणि ती दुसरी कोणी उजेडाने आणि पेन्सिलीने बनवलेली होती.

त्याच मुलीचा आणखी एक फोटो त्या घरात आहे. तिच्या मामेभावाने पावसाळ्यात सहज मोबाईलवर टिपलेला. ती पडवीत बसून तांदूळ निवडते आहे. उजेड एकाच बाजूने, उघड्या अंगाने, पावसाळी आभाळाचा येतो. मागचे माजघर काळोखात आहे. त्या उजेडाने तिच्या कपाळाच्या कडेवर, गालाच्या उंचवट्यावर आणि खालच्या ओठावर तीन मंद चकाक्या ठेवल्या आहेत, आणि त्या तीन जागांवरून सगळा चेहरा घडीव मूर्तीसारखा उभा राहतो. गोरा चेहरा सावल्यांनी घडतो; सावळा चेहरा बऱ्याच अंशी चकाक्यांनी घडतो. त्याला अधिक उजेड लागत नाही, मोठ्या जागेतून आणि बाजूने येणारा उजेड लागतो. समोरून कितीही दिवे ओतले तरी ती घडण मिळत नाही. उलट होती ती बुजते. तो फोटो पाहुण्यांना दाखवला असता तर काय झाले असते, ते मी सांगू शकत नाही. कदाचित ते आलेच नसते. पण आले असते तर त्याच मुलीकडे आले असते.

कोणी म्हणेल, मास्तर, हा अर्ध्या काळोखाचा षौक विलायती आहे. रेम्ब्रांट आणि डिमिल तुमचे कोण? तर त्यांना मी कुडाळच्या वेशीवरच्या पिंगुळीला घेऊन जाईन. तिथला ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सांगत आला आहे, आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही करीत आला आहे. ही कला सांभाळल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. या खेळात पांढरा पडदा, पडद्यामागे दिवा, आणि दिव्याच्या व पडद्याच्या मध्ये बाहुली. फोटोग्राफर ज्याला पाठचा उजेड म्हणतात त्याचे याहून शुद्ध उदाहरण मला ठाऊक नाही. बाहुली पडद्याला टेकली की रावणाची कड रेखीव होते. ती दिव्याकडे मागे ओढली की रावण वाढतो, विरतो, पडदाभर होतो. चेहऱ्यावरचा एकही भाव दिसत नसताना पोरे भितात. पाठचा उजेड माणसाचा तपशील काढून घेतो आणि त्याची आकृती तेवढी ठेवतो. म्हणून भय, विरह आणि निरोप यांना तो मानवतो. मावळतीला तारकर्लीच्या वाळूत उभे राहून काढलेले जोडप्यांचे फोटो याच न्यायाने बरे दिसतात. नवरा कोणता आणि नवरी कोणती एवढे कळते. बाकीचे समुद्र सांभाळतो.

दशावताराचे दुःख याच्या उलट आहे. दिवाळी सरली की गावोगाव जत्रा सुरू होतील, आणि देवळाच्या आवारात रात्र रात्र खेळ उभे राहतील. आमच्या नटांची तोंडे रंगवण्याची पद्धत बसली ती दिवट्यांच्या आणि पुढे गॅसबत्तीच्या उजेडात. तो उजेड थोडा, पिवळट आणि हलता. त्या हलत्या उजेडात भडक रंग जिवंत होई. भिवया खरोखर चढल्यासारख्या वाटत. काळ्या वेषातला संकासुर अंधारातून सुटून आल्यासारखा येई. आता मंडपाच्या चारी कोपऱ्यांवर पांढरे झगमगीत दिवे असतात. नट तोच, रंग तोच, आणि तरी चेहऱ्यावर रंग थापला आहे एवढेच दिसते. विजेला माझा विरोध नाही. रात्री दोन वाजता मागच्या रांगेतल्या म्हातारीला राजा दिसला पाहिजे हे मलाही पटते. पण चार दिव्यांतला एक जरी पिवळा आणि बाजूचा ठेवला, तर इंद्राचे आणि संकासुराचे भले होईल.

सिनेमावाल्यांनी हा विचार आपल्याआधी केला, आणि आपल्याच मुलखात केला. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'ला सूर्य हाच मुख्य दिवा होता. वीस वर्षांनी, १९३३ साली, व्ही. शांताराम 'सैरंध्री' घेऊन जर्मनीला गेले. तिथल्या चित्रपटांतले अंधाराचे काम त्यांच्या मनात भरले. परत आल्यावर त्यांनी पुण्यात 'अमृतमंथन' (१९३४) काढला. बळी देण्याची प्रथा आणि तिच्या पायी माणूसपण विसरलेला राजगुरू, असा विषय. काळोख, त्यात मशालींचा उजेड, आणि पडदाभर राजगुरूचा एकच डोळा. हिंदीत ते काम चंद्रमोहन यांनी केले, मराठीत केशवराव दाते यांनी. धर्माच्या नावाखाली चाललेला जुलूम त्या उजेडानेच निम्मा सांगून टाकला आहे.

आणि त्याच प्रभात कंपनीने दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, दामले-फत्तेलाल यांच्या हातून 'संत तुकाराम' काढला. हा चित्रपट मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा त्याच्या उजेडाच्या साधेपणाने चकित होतो. देहूचे घर, अंगण, ओढाताणीचा संसार, गौरीबाईंची तोंडाळ जिजाई, हे सारे ज्या घरगुती उजेडात दिसते, जवळजवळ त्याच उजेडात विष्णुपंत पागनीस यांचे तुकोबा वैकुंठाला निघतात. डोळे दिपवणारे तेज, काळेकभिन्न ढग, असला खटाटोप जिथे तिथे केला नाही. चमत्कार खरा वाटतो तो त्यामुळे. एखाद्याने या गोष्टीला 'अमृतमंथन'चा उजेड दिला असता तर तुकोबा मांत्रिक दिसले असते. परदेशातून शिकून आलेला काळोख हाताशी असताना तो न वापरण्याचा विवेक त्या दोघा कोल्हापूरकरांनी दाखवला, आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्या साध्या उजेडाचा गौरव झाला. सावल्यांची बाजू घेताना मला 'संत तुकाराम' नेहमी जमिनीवर आणतो.

गुरुदत्तच्या 'कागज के फूल'मध्ये (१९५९) एक गाणे आहे, ज्यात रिकाम्या स्टुडिओत दिग्दर्शक आणि नटी दूर दूर उभे आहेत आणि वरून एक प्रचंड उजेडाचा झोत जमिनीवर उतरला आहे. आपल्याकडे याला सुंदर शब्द आहे: कवडसा. कौलांत बसवलेल्या काचेतून चुलीच्या धुरात उतरणारा कवडसा ज्याने लहानपणी हातात पकडू पाहिला, त्याला ते दृश्य समजावून सांगावे लागत नाही. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी तो झोत दिव्यांनी केला नाही. मोठे आरसे लावून बाहेरचे ऊन आत वळवले. कवडशात काही पडले की ते दिसते, धूळसुद्धा; आणि कवडशाबाहेर माणूस उभा असला तरी नसल्यासारखा. त्या दोघांची मने कवडशात येऊन भेटतात आणि देह बाहेरच राहतात. पडद्यावर शब्दांनी जे सांगता आले नसते ते एका आरशाने सांगितले. चित्रपट त्या वेळी पडला, ही गोष्ट वेगळी. तिकडे बंगालमध्ये सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी (१९५६) स्टुडिओत उभारलेल्या काशीच्या वाड्याच्या चौकावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा उजेड त्यावर आपटून खाली सोडला, म्हणजे चौकात उतरतो तसा आभाळाचा उजेड मिळाला. आमच्या पडवीतला पावसाळी उजेड तो हाच.

आता दिवाळीच्या चित्राकडे येतो, कारण या विषयावर बोलताना मला ज्या एका कलाकृतीपुढे थांबावेसे वाटते ती आमच्या शेजारच्या सावंतवाडीत जन्मलेल्या माणसाची आहे, आणि ती छायाचित्र नसून जलरंगातले चित्र आहे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे 'ग्लो ऑफ होप'. एक तरुण स्त्री हातात दिवा घेऊन उभी आहे. दुसऱ्या हाताचा तळवा तिने ज्योतीच्या आड धरला आहे. बोटांच्या फटींतून आणि कडांतून तांबूस उजेड पाझरतो आहे. चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, आणि आपल्याकडची अर्धी मंडळी ते राजा रविवर्म्याचे समजतात. चित्रातली स्त्री हळदणकरांची कन्या गीता. दिवाळीत दिवा घेऊन उभ्या असलेल्या मुलीला पाहून वडिलांना हे सुचले असे सांगतात. पुढे कोल्हापूरच्या गीता उपळेकर म्हणून त्या लोकांना माहीत होत्या, आणि २०१८ साली शंभरी ओलांडून वारल्या.

शाळेच्या सहलीबरोबर म्हैसूरला गेलो तेव्हा मी ते पाहिले. मुले पुढच्या दालनात पळाली, मी राहिलो. मला कोडे पडले ते असे. दिवा छातीच्या उंचीला आहे. म्हणजे उजेड चेहऱ्यावर खालून येतो. खालून येणारा उजेड हा भुताखेतांचा उजेड. जन्मापासून आपण वरून येणारा उजेड पाहत आलो, म्हणून तो खालून आला की सगळ्या सावल्या उलट्या पडतात आणि ओळखीचे माणूसही परके वाटते. पोरे काळोखात हनुवटीखाली बॅटरी धरून एकमेकांना घाबरवतात ती याच आधारावर. मग त्याच जागेवरून आलेल्या उजेडाने ही मुलगी इतकी सौम्य का दिसते? एक तर बॅटरीचा उजेड कुठून आला ते आपल्याला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्याचे भय असते. इथे दिवा चित्रातच आहे, तिच्या हातात आहे, आणि तिनेच तो सांभाळला आहे. दुसरे, ज्योत लहान असली तरी तिचा उजेड तळव्यावर आणि लुगड्यावर आपटून परततो, म्हणून चेहऱ्यापर्यंत पोहोचेतो तो मऊ होतो. सुब्रत मित्रांच्या कापडाचे काम इथे लुगडे करते. आणि तिसरे कारण मला सगळ्यांत मोठे वाटते. जलरंग पारदर्शक. त्यात उजेड रंगवता येत नाही. कागदाचा पांढरेपणा जिथे राखावा तिथेच उजेड. चित्रकार एकावर एक थर देत अंधार तेवढा रंगवत जातो, आणि चुकून एक थर अधिक पडला तर उजेड कायमचा गेला. म्हणजे हळदणकरांनी त्या बोटांमधली लाली रंगाने दिली तरी तिच्या आतला उजेड हा कागदाचा आहे, हात आवरून शिल्लक ठेवलेला.

या चित्राचे कॅलेंडरवर काय झाले ते दिवाळीच्या बाजारात जाऊन पाहावे. छापणाऱ्यांनी मागचा अंधार तपकिरीचा पिवळा केला, गाल गुलाबी केले, लुगडे चमकवले. मागे काळोख नाही म्हणून ज्योतीला काही काम उरले नाही. बाई दिवा घेऊन भर दुपारी उभी आहे असे वाटते. 'उजळ येऊ दे' म्हणणारे गिऱ्हाईक इथेही आडवे आलेच.

आणि आता तर हे गिऱ्हाईक मोबाईलच्या पोटात जाऊन बसले आहे. २०१८ च्या सुमारापासून फोनवर रात्रीचे फोटो काढण्याची जी सोय आली, तिच्यात यंत्र एकामागून एक अनेक फोटो टिपते, त्यांची बेरीज करते आणि काळोखातून दिवस काढून दाखवते. करामत खरीच मोठी. पण आकाशकंदिलाखाली बसलेल्या आजीचा फोटो काढावा, तर पडवी उजळते, अंगण उजळते, मागची माडाची झाडे उजळतात, आणि कंदील तेवढा निस्तेज होतो. अनेक फोनांत चेहरा गुळगुळीत आणि गोरा करण्याची सोय न मागताच चालू असते. माझ्या वर्गातल्या मुली परस्परांचे फोटो काढतात तेव्हा मी पाहतो. जिच्या गालावर मूळचा तीळ आहे तिलाही फोटोत तीळ नसतो. तिने तक्रार केलेली मी ऐकलेली नाही, आणि मला याचीच काळजी वाटते.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्याकडे तुळशीपाशी पायाखाली कारीट फोडतात. अंगाला तेल लागलेले असते, पणत्या पेटलेल्या असतात, आभाळ अजून काळे असते. तेलाने माखलेल्या सावळ्या चेहऱ्यावर पणतीचा उजेड ज्या चकाक्या ठेवतो त्या स्टुडिओत कोणी पैसे मोजूनही मांडून देणार नाही. फोटो काढायचाच असेल तर तेव्हा काढावा. फ्लॅश बंद ठेवावा, चेहरा गोरा करणारी सोय आणि रात्रीचा दिवस करणारी सोय याही बंद कराव्यात. पणती चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, किंचित एका बाजूला असावी. मोबाईल वृंदावनाच्या कडेला टेकवावा, म्हणजे हात हलणार नाही. पडद्यावर चेहऱ्याच्या उजळ भागावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढावा. आजीला मात्र आधी सांगून ठेवावे, की अर्धे तोंड काळे येणार आहे.